दाराच्या जागी तुझं नाव

वत्सले, तुझ्या नावाचा दगड बसवला त्यांनी. पांढरा, संगमरवरी, कोरलेल्या अक्षरांत काळा रंग भरलेला. तुला जाऊन महिना झाला नाही तोच शाळेला तुझा एवढा कळवळा आला. आणि तो दगड बसवायला सबंध शाळेत त्यांना एक भिंत सापडली नाही. दुसरीचा वर्ग आणि तुझी खोली यांच्यामधलं दार त्यांनी विटांनी बुजवलं, वर गिलावा केला आणि त्या गिलाव्यात तुझं नाव बसवलं. तेव्हापासून माझी यशू रोज शाळेत जायची आणि त्या भिंतीपुढं कपाळ टेकून उभी राहायची. वर्गात बसत नव्हती, खोलीत जात नव्हती. असंच चाललं तर तिला घरी ठेवा म्हणाले. तू असतीस तर काय केलं असतंस ते मला ठाऊक आहे. तू नाहीस म्हणून मला तुला हे सांगावं लागतंय, आणि मी संतापलेली आहे हे आधीच सांगून टाकते.

तुझ्या शोकसभेपासूनच माझं डोकं फिरलंय. सभा त्याच वर्गात घेतली. एवढासा वर्ग, मागच्या माणसाला पुढच्याचं शिंकणं ऐकू येईल, आणि तिथं त्यांनी लाऊडस्पीकर लावला. ज्या वर्गात बाक ओढायचं नाही, उचलून ठेवायचं, असं तू पोरांना शिकवलंस, त्या वर्गात. आपल्या लोकांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं तेवढंच काय ते खालच्या आवाजात झालं. मग भाषणं सुरू झाली. यशू आतल्या खोलीत, तू तिच्यासाठी ठेवलेल्या लाकडी खोक्यात होती. पहिल्या 'हॅलो हॅलो'लाच ती कान दाबून जी ओरडायला लागली, ती थांबेना. कुणीतरी मागं वळून म्हणालं, "बच्ची को ज़रा बाहर ले जाइए." तुझ्या शोकसभेतून तुझ्याच विद्यार्थिनीला बाहेर काढलं, वत्सले. मी तिला घेऊन मैदानाच्या टोकाला जाऊन बसले, तरी भाषण तिथवर येत होतं. एक साहेब म्हणत होते, त्या या अभागी बालकांच्या माता होत्या. माता! तुला कुणी असलं काही म्हटलं की तू कशी उखडायचीस. "मी मास्तरीण हाय, मास्तरीण म्हना," असं तोंडावर सुनवायचीस.

तू किती तिरसट होतीस हे एकानंही सांगितलं नाही. तुझ्या सायकलच्या मध्ये कुणी आलं की घंटी न वाजवता तू तोंडानंच त्याचा उद्धार करायचीस, हेही नाही. त्याग, सेवा, समर्पण, एवढ्या तीन शब्दांत तुला गुंडाळून ठेवलं.

आपण भिलाईच्या सेक्टर सहात एकाच सुमारास राहायला आलो. क्वार्टरांचा चुन्याचा वास गेला नव्हता, रस्त्यांना झाडं नव्हती, लाल धूळ मात्र भरपूर. तुझं अंगण आणि माझं अंगण पाठीला पाठ लावून, मध्ये कमरेएवढी भिंत. यशूचे बाबा पोलादाच्या कारखान्यात, भट्टीच्या आतल्या विटा लावायच्या कामावर. माझं सगळं लक्ष यशूत, आणि यशूचं लक्ष कुणातच नाही. हाक मारली तर वळून बघायची नाही. पाणी पाहिजे का विचारलं तर "पाणी पाहिजे का" एवढंच म्हणायची. डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरवत बसायची आणि ते कुणी उचललं की घर डोक्यावर घ्यायची. कारखान्याचा भोंगा झाला की कानांवर हात दाबून किंचाळायची, भोंगा थांबला तरी ती थांबायची नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासलं. कान बरे आहेत, जीभ बरी आहे, डोकं कमी आहे म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. यशूला जे आहे त्याला काय म्हणतात ते आजतागायत मला कुणी सांगितलेलं नाही.

उपाय मात्र सगळ्यांनी सांगितले. कुणी म्हणे चिंचेच्या पाल्याची आंघोळ घाल, कुणी म्हणे दोन चापट्या दे, ताळ्यावर येईल. तू भिंतीवरून बघत असायचीस. मला वाटलं, आली आता ही बया तावीज सुचवायला. त्या दिवशी भोंगा झाला, यशू पळाली, मी तिच्यामागं धावले, तर तू ओरडलीस, "तिले पकडू नको व! पयून कुठं जाते ते पाह्य आधी!"

मला राग आला होता. पोर माझी आणि शहाणपण हिचं. पण पाहिलं. यशू पाण्याची टाकी आणि भिंत यांच्या फटीत शिरली, तोंड भिंतीकडे केलं, आणि थोड्या वेळानं तिचं तिचंच गुणगुणणं सुरू झालं. दुसऱ्या वेळी खाटेखाली गेली, जिथं गोधडी लोंबत होती तिथं. उघड्या अंगणात कधीच नाही. दाराच्या समोर, जिथून येणारंजाणारं दिसतं, तिथं कधीच नाही. कितीतरी दिवस तू शाळेतून आलीस की सायकल भिंतीला टेकवून नुसतं बघायचीस. आणि मग एकदा म्हणालीस, "तिले पाठीशी भिंत पाह्यजे, डोक्यावर काईतरी पाह्यजे, अन् समोर एकच गोष्ट. बाकी काई नाई मागून राहिली ती." माझ्या पोटच्या पोरीबद्दल एवढं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला इतके दिवस अंगणाच्या मधोमध बसवून, पुढ्यात चार खेळणी टाकून, हाका मारत होते.

यशू शाळेच्या वयाची झाली तेव्हा हेडमास्तर तिला घ्यायला तयार नव्हते. दुसरीच्या वर्गाला लागून एक कोठार होतं, मोडकी बाकं आणि फुटके माठ ठेवायचं, व्हरांड्यातून दार असलेलं. तू ते मागितलंस. नकाशात तिथं स्टोअर लिहिलंय, ते स्टोअरच राहील, असं उत्तर आलं. तू म्हणालीस, "सर, नक्शा कागज पर है. बच्ची सामने खड़ी है." त्यांनी कंटाळून होकार दिला. तुला लोक कंटाळूनच होकार द्यायचे.

पावर हाउस वस्तीच्या बाजारातून आपण रिकाम्या पोत्यांचा बारदाना आणला. उसवला, धुतला, जुन्या गाद्यांचा कापूस आत भरून टाचला आणि भिंतींना टांगला. भोंग्याचा आवाज तिथवर येईपर्यंत बोथट होऊन जायचा. चुन्याची पांढरीफेक भिंत दुपारी डोळ्यांत घुसते म्हणून वरच्या उरलेल्या भागावर तू पिवळ्या मातीचा हात फिरवलास. खिडकीचा खालचा अर्धा भाग फळ्या ठोकून बंद केलास, उजेड वरून यावा आणि बाहेरची धावपळ दिसू नये म्हणून. रशियाहून मशिनी येतात ना, त्या खोक्यांपैकी एक भलं मोठं खोकं तू कुठून पैदा केलंस ते मला अजून कळलेलं नाही. अंगावर अनोळखी अक्षरं, लाकडाला गोडसर वास. ते आडवं करून कोपऱ्यात ठेवलंस. यशूनं त्यात जायचं ते तिच्या मर्जीनं, यायचं ते तिच्या मर्जीनं, आणि शिक्षा म्हणून तिला त्यात कुणी घालायचं नाही. भिंतीकडे तोंड केलेलं एक बाक. त्याच्या डाव्या हाताला करायच्या कामाची टोपली, उजव्या हाताला झालेल्या कामाची. डावी रिकामी झाली की आजचं संपलं, हे तिला कुणी तोंडानं सांगावं लागत नव्हतं. इन्स्पेक्टर आले तेव्हा म्हणाले, मुलांची खोली आणि एकही चित्र नाही? तू म्हणालीस, चित्रं पिशवीत आहेत, एका वेळी एकच काढते.

नंतर पावर हाउसकडून एक पंजाबी मुलगा आला, मग एक तेलुगू मुलगी. तिच्यासाठी तू खोक्याच्या शेजारी खाट उभी करून दुसरा आडोसा केलास, कारण तिला छप्पर नको होतं, नुसती आड हवी होती. प्रत्येकाला एकच माप लावणारी तू नव्हतीस. या गावात हे किती अवघड आहे! इथं क्वार्टर एका नकाशाचे, खिडक्या एका मापाच्या, आणि माणसं कुठल्या ग्रेडची आहेत ते त्यांच्या अंगणावरून कळतं.

पण आपलं भांडण झालं ते याच्या आधी. खोली पहिल्यांदा तयार झाली, तू हौसेनं मला दाखवायला नेलंस, आणि माझा तोल गेला. व्हरांड्यातून दार, दाराच्या आत माझी पोर एकटी, आणि पलीकडे भिंतीआड सगळा वर्ग शिकतोय. मी तिथंच तुला फाडून खाल्लं.

"हे का करून राहिली तू, वत्सले? माह्या बापाले शाळेच्या ओट्यावर बसवलं होतं. मास्तर आतून शिकवे अन् बा बाहेरून आयके. नागपूरले जाऊन आपण दीक्षा घेतली ते का पोरीले पुन्हा बाहेर बसवाले?"

तू पांढरी पडलीस. तुझे वडील तर ओट्यावरही नव्हते, झाडाखाली बसायचे, हे मला ठाऊक होतं आणि तरी मी बोलले. त्यात मला आजही चूक वाटत नाही. तू म्हणालीस, "तुह्या बापाले बाहेर बसवलं ते कोणाच्या सोयीसाठी? आतल्याईच्या. ही खोली तिच्या सोयीची हाय. हे दोन तुले सारखेच दिसून राहिले का?"

"आज तिच्या सोयीची हाय," मी म्हटलं, "उद्या ती तिची जागा होते. मंग तिले तिथून कोणी बाहेर येऊ देत नाई. सोय कोणाची ते मंग कोणी इचारत नाई."

कितीतरी दिवस आपण बोललो नाही. भिंतीवरून एकमेकींची वाळत घातलेली लुगडी बघायचो, चेहरे नाही. मग एका संध्याकाळी तू यशूच्या बाबांना हाक मारलीस. माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "भाऊ, भिंत फोडाची हाय. सुट्टीच्या दिवशी येता का?" त्यांनी वर्ग आणि खोली यांच्यामधली भिंत फोडून चौकट बसवली. तू अर्ध्या उंचीचं दार लावलंस, वरून मोकळं, कडी कुठल्याच बाजूला नाही. आणि व्हरांड्यातलं दार तू फळी ठोकून बंद करून टाकलंस. आता खोलीत जायचं तर वर्गातूनच, आणि खोलीतून बाहेर यायचं तर वर्गातच. तू माझी माफी मागितली नाहीस, मी तुझी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी तू भिंतीवरून भाजीची वाटी मागितलीस, एवढंच.

त्या दारानं काय केलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पहिले काही महिने यशू सकाळी वर्गात शिरली की बाणासारखी आत. मग दाराशी उभी राहू लागली, फक्त डोळे दाराच्या वर. वर्गातली पोरं सुरुवातीला वाकून बघायची, मग त्यांचं कुतूहल संपलं आणि ती तिला 'यशू' म्हणू लागली, 'पगली' नाही. एक दिवस सगळा वर्ग सातचा पाढा म्हणत होता आणि मध्येच सगळे अडले. आतून यशूचा सपाट आवाज आला, "सात सत्ते उनचास." ऐकून ऐकून पाठ झालं होतं, त्याचा अर्थ तिला कळत होता की नाही कुणास ठाऊक. पोरं टाळ्या वाजवायला उठली, तू एका हातानं त्यांना खाली बसवलंस आणि म्हणालीस, "सही. आगे." जणू ती रोजच उत्तरं देते. आणि मग ती दार ढकलून बाहेर आली आणि पाढा संपेपर्यंत वर्गात उभी राहिली. मी व्हरांड्यात होते. मी किती रडले ते तुला कधी सांगितलं नाही, तू चेष्टा केली असतीस म्हणून. आता सांगते. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी कुणी एवढं केलेलं नाही, वत्सले.

एवढं सगळं खरं, तरी भांडण मिटलं नव्हतंच. दवाखान्यात तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झालेले, आवाज निघत नव्हता, आणि आपण तिथंही त्याच विषयावर वाद घालत होतो. मी विचारलं, जूनपासून ती तिसरीत जाईल, तिसरीच्या वर्गाला काय खोली आहे? चौथीच्या? दर वर्गाला तू भिंती फोडत फिरणार का? मग त्यापेक्षा सगळा वर्गच असा का करत नाहीस, की तिला पळावंच लागू नये? बारदाना सगळ्या भिंतींना लाव. सगळ्याच पोरांना कमी गोंगाटात काय वाईट होईल? तू हसलीस. म्हणालीस, "हे तू आता बोलून राहिली, मंजुळे? आधी कावून नाई सुचलं?" आणि तू पुढं काहीतरी सांगणार होतीस, हात उचललास, तेवढ्यात नर्स आली आणि तिनं मला बाहेर काढलं. ते उत्तर राहिलं. तू माझं म्हणणं मानलं होतंस की खोडून काढणार होतीस, ते मला आता कधीच कळणार नाही, आणि त्याचाही मला राग येतो.

राग तुझाही येतो. तू त्या शाळेत एवढी वर्षं काढलीस आणि ते दार तिथं का आहे हे एका माणसाला समजावून सांगितलं नाहीस. मी म्हणायचे, बाकीच्या मास्तरांना सांगून ठेव. तू म्हणायचीस, "डोये हाय ना त्याईले, दिसते ना." नाही दिसत, वत्सले! लोकांना आपोआप काहीही दिसत नाही. तुला दिसायचं म्हणून तुला वाटायचं सगळ्यांना दिसतं. त्यांना दिसला तो वर्गातल्या भिंतीचा एक चांगला तुकडा, दारानं उगाच वाया घालवलेला.

तुला इथली रीत माहीत आहे. भिलाईत फीत कापल्याशिवाय कुठलीच गोष्ट झाली असं मानत नाहीत. भट्टी पेटली, फीत. नळाला पाणी आलं, फीत. बाजारात नवा ओटा झाला, त्यालासुद्धा हार आणि फीत. तू खोली केलीस तेव्हा ना हार, ना फीत, ना साहेब. म्हणजे त्यांच्या लेखी ती खोली कधी झालीच नव्हती. तू गेल्यावर त्यांना ती करायची हौस आली. व्हरांड्यातल्या दाराची फळी काढली, त्याला निळा चकचकीत ऑइलपेंट दिला, वर 'वत्सला स्मृति कक्ष' लिहिलं. आत ट्यूबलाइट लावली, ती सतत गुणगुणायची. वर्गाकडचं दार बुजवून तिथं दगड. साहेब आले, फीत कापली, पेढे वाटले. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. हेच तर मला सहन होत नाही. वाईट मनानं केलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

मी हेडमास्तरांकडे गेले. ते हात जोडून म्हणाले, "देखिए बहनजी, क्लास में घुसते ही सबकी नज़र वहीं जाती है. मैडम को सबसे अच्छी जगह दी है. और इन बच्चों के लिए अलग से दरवाज़ा खुलवा दिया, आया भी रख देंगे. अब किसी को तकलीफ़ नहीं."

"किसको तकलीफ नहीं, सर?"

"सबको आराम रहेगा," ते म्हणाले. मी तुला दारात उभं राहून जे बोलले होते ते शब्दाला शब्द खरं झालं होतं, आणि ते खरं झाल्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही. आतलं दार परत उघडा म्हटल्यावर त्यांना धक्काच बसला. मॅडमच्या नावाचा दगड काढायचा? तुम्ही त्यांच्या मैत्रीण ना? बच्ची को आदत हो जाएगी, नहीं तो कुछ दिन घर पर रखिए.

पंजाबी मुलाला त्याच्या घरच्यांनी घरी ठेवलंच. तेलुगू मुलगी बाहेरच्या दारानं आत जायची, दिवसभर आयेबरोबर असायची आणि वर्गाचं तोंड बघायची नाही. यशू मात्र ऐकेना. रोज वर्गात शिरायची, सरळ भिंतीकडे जायची, जिथं दार ढकलायला हात ठेवायची तिथं दगडावर हात ठेवायची. ढकलायची. मग कपाळ टेकायची. नवीन मास्तर तिला खेचून बसवायला गेले की ओरडायची, आणि मग मला बोलावणं यायचं.

एकदा अशीच तिला घ्यायला गेले असताना मी केसांतली पिन काढून दगडाच्या कडेचा गिलावा खरवडला. भुरूभुरू रेती पडली. सिमेंट होतं ते नावाला. आयुष्यात पहिल्यांदा एका ठेकेदाराच्या चोरीचे आभार मानावेसे वाटले.

घरी येऊन यशूच्या बाबांना म्हटलं, चला. ते घाबरले. "अवं, वत्सलाबाईच्या नावाचा दगड हाय तो. लोक का म्हनतीन? आपल्याच माणसानं काढला म्हनतीन." मी म्हटलं, लोक म्हणतील ते मी ऐकून घेईन, तुम्ही थापी घ्या. मग उठून त्यांनी पिशवीत थापी, छन्नी आणि ओलं पोतं भरलं.

सुट्टीची दुपार होती. यशूलाही नेलं, घरी ठेवायला कुणी नव्हतं. हातोडा मारायचा नाही असं मी बजावलं होतं, म्हणून सगळं काम पाणी मारून, छन्नी दाबून, हातानं. शाळेचा चपराशी धावत आला. "ए का करत हव दीदी? बड़े साहब गुसियाही!" मी म्हटलं, रागावले तर रागावू देत. मग त्यानंच जाऊन पाण्याची बादली भरून आणली. आधी दगड सुटला. यशूच्या बाबांनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि माझ्याकडे बघितलं, कुठं ठेवू म्हणून. तुझं नाव मी माझ्या हातानं भिंतीवरून उतरवत होते. कुणी तुझ्या वैऱ्यानंही केलं नसतं. पदरानं मी त्यावरची रेती पुसली आणि आत ठेवा म्हटलं. मग एकेक वीट काढली. अर्धं दार व्हरांड्यात भंगारात पडलं होतं, ते जुन्या बिजागऱ्यांवर पुन्हा अडकवलं. ट्यूबलाइटही उतरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तर वर्गाच्या दारातच उभे होते. चेहरा लाल. "ये क्या किया आपने? वो पत्थर मैडम का सम्मान था!"

मी म्हटलं, "दरवाज़ा मैडम ने बनवाया था, सर. पत्थर आपने."

"मैं ऊपर रिपोर्ट करूँगा."

"कीजिए. साहब को यहाँ बुलाइए, क्लास में. मैं सबके सामने बताऊँगी दरवाज़ा किसलिए है." माझं हिंदी तोडकंमोडकं, तू नेहमी हसायचीस त्याला. त्या दिवशी कुणी हसलं नाही. पोरं बाकांवर बसून ऐकत होती. तू आयुष्यभर जे सांगायचा कंटाळा केलास ते मी तिथंच, त्या पोरांदेखत सांगून टाकलं. दार का अर्धं, कडी का नाही, बाहेरचं का बंद हवं. आणि हेही सांगितलं की जूनमध्ये यशू तिसरीत जाईल, तेव्हा मी पुन्हा येणार आहे, आणि तेव्हा खोली मागायला नाही, सगळा वर्ग मागायला येणार आहे. तुझं उत्तर मिळालं नाही म्हणून मी माझंच पुढं रेटलं. तुला पटलं नसेल तर इलाज नाही, तू आधी बोलायला हवं होतंस.

आमचं हे चाललेलं असतानाच यशू आमच्या दोघांच्या मधून निघून गेली. दाराशी थांबली. हात ठेवला, ढकललं, आणि दार आत गेलं. ती आत गेली. खोक्यात जाईल असं मला वाटलं होतं, पण खोक्याच्या पुढ्यात फरशीवर तो दगड ठेवलेला होता, आणि ती त्यावर बसली. उन्हाचे दिवस, संगमरवर गार लागला असेल. मांडी घातली, पाठ खोक्याला टेकली, तोंड दाराकडे. तुला तिनं कधी अंगाला हात लावू दिला नाही, तू मायेनं डोक्यावरून हात फिरवायला गेलीस तरी अंग चोरून घ्यायची. आणि तू ते कधी मनावर घेतलं नाहीस.

हेडमास्तरांनी वाकून बघितलं आणि हादरले. "अरे, उठाइए उसको! मैडम के नाम पर बैठ गई है!"

मी तिला उठवलं नाही, वत्सले. दगडासाठी दुसरी भिंत बघतो म्हणाले आहेत, बघू देत. वर्गात पाढे सुरू झाले होते आणि ती तुझ्या नावावर बसून ते ऐकत होती. मी दाराच्या चौकटीत उभी राहिले आणि त्यांना म्हटलं, "बैठी रहने दीजिए. उठाना है तो पहले मुझे हटाइए."